भर दुपारी पाठ फिरवणारं सोयाबीन

ज्यांचा इयरफोन बसमध्ये राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय. फक्त अडखळणं आणि मागून येणारा मिक्सरचा आवाज काढलाय.

आजची गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधली. तो ऑगस्ट आठवतोय का? देशात १९०१ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यांतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमच्या अहमदपूर तालुक्यात आधीच पेरणी लांबून जुलैत गेली होती. सोयाबीन फुलावर आलं आणि पाऊस गायब. मी नांदेडला, घरूनच काम करत होतो. दुपारी दीडच्या सुमाराला मीटिंग चालू असताना आप्पांचा फोन.

"बापू, सोयाबीनची पानं उलटी होऊलालीत रे. सगळं रान पांढरं दिसलालंय. सकाळी बरं असतंय, दुपारी रुसतंय. काय मारू?"

मी म्हटलं फोटो पाठवा. फोटो आला. मी तो पिकांचे रोग ओळखणाऱ्या एका अॅपमध्ये टाकला. अॅप म्हणालं, पिवळा मोझॅक. त्या वर्षी मराठवाड्यात मोझॅकची चर्चा होतीच, त्यामुळे मलाही पटलं. मी मीटिंगमधून म्यूट करून सांगितलं, आप्पा, दुकानात जा आणि पांढऱ्या माशीचं औषध मारा. दुकानदारानं त्यात एक टॉनिक आणि आणखी एक बाटली घातली. दोन हजारांच्या आसपास गेले. फवारणी झाली ती दुपारी दोन-अडीचला, कारण सकाळी लाइट नव्हती आणि पाण्याची टाकी भरायची राहिली होती. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या.

त्या रविवारी मी लोह्यावरून गाडी मारत गावी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आप्पांबरोबर रानात. पानं एकदम सपाट, हिरवी, शहाण्या मुलासारखी. करपलेल्या कडा सोडल्या तर रोग म्हणावा असं काहीच नाही. अकराच्या सुमारास पानं उठायला लागली. तीन पानांच्या त्या झुपक्यातली पानं वळत वळत, एकला बघतो तर सगळ्या रानानं सूर्याकडे पाठ केलेली. खालची बाजू फिकट आणि लवदार, म्हणून पांढरं दिसतं. संध्याकाळी पुन्हा सरळ.

आप्पांनी हे फोनवर सांगितलं होतं. "सकाळी बरं असतंय, दुपारी रुसतंय." रोगाला घड्याळ कळत नाही. सकाळी बरा आणि दुपारी आजारी असा मोझॅक नसतो. त्या वाक्यातच उत्तर होतं आणि मी मीटिंगमध्ये होतो.

मग मी वाचायला बसलो. बीटेक केलेल्या माणसाचं जीवशास्त्र बारावीतच संपलेलं असतं, त्यातही आमच्याकडे लातूर पॅटर्न. मार्कांपुरतं पाठ केलेलं. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात' हे वाक्य मी झोपेतही लिहिलं असतं. त्यामुळे डोक्यात असंच बसलेलं की ऊन जास्त म्हणजे झाडाची मजा जास्त. तसं नाहीये. झाडाच्या रोजच्या कामातला मोठा भाग ऊन खाण्याचा नाही, उन्हापासून वाचण्याचा आहे.

हिशेब साधा आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट एवढं ऊन पडतं. सोयाबीनच्या एकट्या पानाचं पोट, सगळं नीट असताना, पूर्ण उन्हाच्या एक तृतीयांश ते निम्म्यातच भरतं. त्याच्या पुढचं ऊन त्याला वापरता येत नाही. उसाचं वेगळं आहे. ऊस, ज्वारी, मका ही मंडळी कार्बन डायऑक्साइड आत साठवून, दाबून वापरतात, त्यामुळे त्यांना बरंच जास्त ऊन पचतं. सोयाबीन, तूर, कापूस यांना तेवढं नाही.

हे झालं पाणी असतानाचं. आता पाणी काढून घ्या. पानाच्या पृष्ठभागावर बारीक दारं असतात, पर्णरंध्रं. त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यातूनच पाणी बाहेर जातं. दोघांना एकच दार. जमीन कोरडी पडली की झाड दार लावून घेतं, नाहीतर वाळून जाईल. पण दार लावलं की आत कच्चा माल येणं थांबतं, आणि ऊन काही थांबत नाही. म्हणजे ऑगस्टमधल्या त्या रानात ऊन मे महिन्यापेक्षा जास्त नव्हतंच. ऊन तेवढंच, पण त्याचं करायचं काय हा प्रश्न मोठा झाला होता. जास्तीचं ऊन म्हणजे वापरून उरलेलं ऊन. हे मला समजलं तेव्हा बाकी सगळं सोपं झालं.

उरलेलं ऊन नुसतं पडून राहिलं असतं तर चाललं असतं. पण हरितद्रव्यानं एकदा प्रकाश गिळला की ती ऊर्जा कुठेतरी द्यावीच लागते. पुढे रस्ता मोकळा नसेल, तर हरितद्रव्य ती शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. आणि असा चेतलेला ऑक्सिजन फार वाईट. तो दिसेल त्याला चावतो: प्रथिनं, पडदे, खुद्द हरितद्रव्य. पान पांढरट पडून जळतं. कुंडीतलं मनीप्लँट हौसेनं उचलून नांदेडच्या गच्चीवर ठेवा एप्रिलमध्ये, दोन दिवसांत पांढरे चट्टे दिसतील. मी ठेवलं होतं. सावलीत वाढलेल्या पानाकडे बचावाचं सामान कमी असतं, म्हणून.

ही ऊर्जा कुठे जाते ते बघायचं असेल तर घरी करा. पालकाची दोन पानं कुटून स्पिरिटमध्ये भिजवा (गॅसपासून लांब, प्लीज), गाळा, आणि अंधारात त्यावर नोटा तपासायचा जांभळा लाइट मारा. हिरवं पाणी रक्तासारखं लाल चमकतं. पानातून उपटून काढलेल्या हरितद्रव्याला ऊर्जा द्यायला कोणी उरलेलं नाही, म्हणून ते ती लाल उजेड करून फेकतं. जिवंत पानातही हे होतं, पण जेमतेम एक-दोन टक्के. बाकीची व्यवस्था पान वेगळी लावतं.

त्यातली सगळ्यात उघड दिसणारी व्यवस्था आप्पांच्या रानात होती. सोयाबीनच्या प्रत्येक पानाच्या देठाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरलं, दुसऱ्या बाजूचं कमी झालं, की पान वळतं. लाजाळूमध्ये हेच झटक्यात होतं, सोयाबीनमध्ये निवांत. सकाळी ते पानं उन्हाकडे करतं आणि दुपारी उन्हाला समांतर उभी करतं, म्हणजे किरण पानावर आपटण्याऐवजी कडेनं सरकून जातो. ताण वाढला की पूर्ण उलटं करून फिकट बाजू पुढे. पान थंडही राहतं. तुरीचीही पानं दिवसभर अशीच हलत असतात. बांधावरच्या तुरीकडे कधी सकाळी आणि दुपारी असं दोनदा बघितलंय का? मी अठ्ठावीस वर्षांत नव्हतं बघितलं.

पानाच्या आतही तसंच. पेशीत हिरवे कण असतात, हरितलवकं. उजेड कमी असला की ती पेशीच्या वरच्या बाजूला पसरून बसतात. ऊन वाढलं की बाजूच्या भिंतीला सरकून एकामागे एक उभी राहतात. पुढच्याची सावली मागच्याला. लातूरच्या बसस्टँडवर मे महिन्यात विजेच्या खांबाच्या सावलीत रांग लावलेली माणसं बघितली असतील, तसं. जपानमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की ज्या रोपांना हे सरकणं जमत नाही, त्यांची पानं तीव्र उजेडात मरतात.

पण पान वळायला वेळ लागतो, हरितलवक सरकायलाही मिनिटं लागतात. आणि ऊन तर ढग बाजूला झाला की सेकंदात येतं. त्यासाठी जे आहे ते मला या सगळ्यात जास्त आवडलं. घराच्या वायरिंगला अर्थिंग असतं ना? जास्तीचा करंट जमिनीत सोडून देतो आणि फ्रिज वाचतो. पानात अर्थिंग आहे.

ते असं चालतं. प्रकाशसंश्लेषण चालू असताना पानातल्या चपट्या पिशव्यांच्या आत आम्ल, म्हणजे हायड्रोजनचे धन कण, जमा होतात आणि पुढच्या कामात खर्च होतात. पुढचं काम अडलं की ते खर्च होत नाहीत, साठतात, आणि पिशवीच्या आतलं पाणी जास्त आंबट होतं. हा आंबटपणा हाच अलार्म. कोणी मोजणारा साहेब नाही, सेन्सर वेगळा लावलेला नाही. तुंबलेलं काम स्वतःच सांगतं की तुंबलंय. (मी रोज सर्व्हरवर नेमकं हेच करायला धडपडतो आणि त्यासाठी चार टूल लागतात.)

अलार्म वाजला की दोन गोष्टी होतात. एक प्रथिन जागं होऊन हरितद्रव्याच्या झुपक्याची बसण्याची रीत बदलतं. आणि एक विकर पानातल्या व्हायोलाझँथिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचं रूपांतर झियाझँथिनमध्ये करतं. झियाझँथिन आलं की हरितद्रव्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ऑक्सिजनला चावायला काही उरत नाही. उजेडात हा रंग बनतो आणि अंधारात परत फिरतो, हे यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये लिहिलं. त्याचा उपयोग काय, हे कळायला पंचवीस वर्षं गेली. १९८७ मध्ये बार्बारा डेमिग यांच्या गटानं जर्मनीत दाखवलं की जेवढं झियाझँथिन, तेवढं उष्णतेत सोडणं जास्त. भर उन्हात गिळलेल्या प्रकाशापैकी निम्म्याहून जास्त ऊर्जा पान अशी सोडून देऊ शकतं.

मका पिवळा दिसतो त्यात हेच झियाझँथिन असतं, नावही मक्याच्या शास्त्रीय नावावरून आलेलं. आणि तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जो पिवळा ठिपका असतो, त्यातही हेच आणि त्याचा भाऊ ल्युटिन. तिथेही काम तेच, तीव्र उजेडापासून वाचवणं. आपण ते स्वतः बनवू शकत नाही. पालेभाजी, मका, अंड्याचा बलक, यातून येतं. म्हणजे हा एपिसोड तुम्ही स्क्रीनवर वाचताय, तेव्हा कुणा मेथीच्या पानानं उन्हाळ्यासाठी जमवलेलं सामान तुमच्या डोळ्यात कामाला आहे.

आता एक नाव सांगतो जे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. प्रफुल्लचंद्र साने. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात ताटके, देसाई आणि साने या मंडळींनी पानांवर एक विलक्षण तंत्र वापरलं. पानाला उजेड दाखवायचा, झटकन द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवायचं, आणि मग अंधारात हळूहळू तापवायचं. तापताना पान स्वतः अगदी मंद प्रकाश सोडतं. उजेडातून साठलेली ऊर्जा कुठल्या तापमानाला सुटते, त्यावरून ती किती खोल अडकली होती ते कळतं. साने पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि नंतर जळगावला जैन उद्योगसमूहाच्या संशोधन विभागात आले. कॅनडा आणि स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २००८ मध्ये एक निबंध लिहिला, विषय नेमका आपलाच: जास्तीचा उजेड. त्यांचं म्हणणं असं की अर्थिंग फक्त बाहेरच्या झुपक्यात नाही. जिथे खरं काम होतं त्या केंद्रातही इलेक्ट्रॉन पुढे न जाता गुपचूप मागे फिरतो आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे झाडाकडे दुहेरी सोय आहे. जळगावच्या उन्हात बसून या विषयावर विचार करणारा माणूस होता, याचं मला फार बरं वाटलं.

एवढं करूनही नुकसान होतंच. त्या केंद्रात डी-१ नावाचं एक प्रथिन आहे, ते उन्हात सतत मोडतं. पान ते मोडलेलं काढतं, नवं बसवतं. कडक उन्हात एका डी-१ चं आयुष्य तासाच्या आसपास. रोज, प्रत्येक पानात, चालू मशीनचा पार्ट चालू मशीनमध्येच बदलणं. मोडण्याचा वेग दुरुस्तीपेक्षा वाढला की मग पान हरतं.

पिंपळाची नवी पालवी चैत्रात तांबूस का असते, हेही इथेच येतं. आंब्याचीही असते. कोवळ्या पानात वरची यंत्रणा अजून उभी राहिलेली नसते, म्हणून ते लाल रंगाचा गॉगल लावून येतं. हे एकमेव कारण नाही, किडीला चकवणं वगैरे म्हणणारेही आहेत. पण आमच्या मारुतीच्या पारावरचा पिंपळ मी आता वेगळ्या नजरेनं बघतो एवढं खरं.

आता ज्याच्यावर मला मेसेज येणार आहेत ते. "मग शास्त्रज्ञ काहीतरी करत असतीलच ना?" करतायत. या अर्थिंगची एक खोड आहे. ऊन आलं की ते मिनिटभरात चालू होतं, पण सावली आली की बंद व्हायला बराच वेळ घेतं. दाट सोयाबीनमध्ये वारा हलला की खालच्या पानावर ऊन-सावली-ऊन चालू असतं, आणि सावलीतही पान ऊर्जा फेकतच राहतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीफन लाँग यांच्या गटानं बर्कलीच्या कृष्णा नियोगी यांच्याबरोबर तीन जनुकं वाढवून हा ब्रेक लवकर सुटेल असं केलं. २०१६ मध्ये तंबाखूचं वजन शेतात साधारण १५ टक्के वाढलं. २०२२ मध्ये त्यांनी सोयाबीनचे आकडे दिले: जनुकं बदललेल्या पाच स्वतंत्र ओळींत सरासरी सुमारे २४ टक्के जास्त उत्पादन, एकात ३३ टक्क्यांपर्यंत. बातम्यांनी तेवढंच उचललं. पुढच्या हंगामात त्यांचं पीक लोळलं आणि तो फरक दिसला नाही, हे फार कोणी छापलं नाही. आणि २०२० मध्ये जर्मनीत अशाच बदलाची मोहरीच्या कुळातली छोटी रोपं उलट कमी वाढली होती.

माझं मत विचाराल तर काम भारी आहे, पण ते आमचं दुखणं नाही. ढग ये-जा करतात, वारा हलतो, जमिनीत ओल आहे, अशा रानात ब्रेक लवकर सुटल्याचा फायदा. आमच्याकडे तीन आठवडे ढगच नाही आणि पर्णरंध्रं दुपारी बंद. तिथे ब्रेक लवकर सोडून गाडी जाणार कुठे? आमचं कोडं ओलीचं आहे. शिवाय भारतात जनुकीय बदल केलेलं सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, तो वाद वेगळा.

मग आप्पांनी काय करायचं होतं? पान उलटं दिसलं की आधी दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत जाऊन बघायचं. सरळ असेल तर पीक स्वतःला सांभाळतंय, त्याला कीटकनाशक नको, पाणी हवं. सकाळीही मलूल असेल तर मूळ, खोड बघायचं. पिवळे-हिरवे ठिपके आणि डाग असतील, ते सकाळी-संध्याकाळी तसेच असतील, तर मोझॅक धरायचा आणि मग कृषी विद्यापीठाच्या नाहीतर कृषी विभागाच्या माणसाला दाखवायचं. पाणी असेल तर स्प्रिंकलरनं एक पाळी. नसेल तर कोळपणी, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल टिकते. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीची फवारणीही कोरडवाहू शेतीत सांगतात. ती पानावर पातळ पांढरा थर देते आणि ऊन परतवते. गंमत बघा, पान उलटं होऊन जे करतं तेच, फक्त बाटलीतून. आणि काहीही फवारायचं ते सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. ताणात असलेल्या पानावर दुपारी दोनला तीन औषधं एकत्र मारणं म्हणजे काय, ते मी दोन हजार रुपयांत शिकलो. पैसे आप्पांचे.

त्या वर्षी एकरी चार क्विंटलच्या आसपास निघालं. त्यात माझ्या फवारणीचा वाटा किती आणि पावसाचा किती, ते वेगळं काढता येत नाही. आप्पांनी कधी विषय काढला नाही. मीच काढला दिवाळीत, तर म्हणाले, "जाऊ दे. तुला तरी कुठं म्हाईत होतं." मला ते जास्त लागलं.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा आठ-दहा दिवसांचा खंड पडला. दुपारी फोन आला. म्हटलं, पानं उलटी झाली का? "झालीत. पण सकाळी जाऊन आलोय, सरळ होती. तुला बोललाव ते मोटारीचं स्टार्टर गेलंय म्हणून."

तुमच्याकडे सोयाबीन किंवा तूर असेल, गावात कोणाच्या तरी असतेच, तर एकाच झाडाचे दोन फोटो काढा. एक सकाळी सातचा, एक दुपारी एकचा. कॅमेरा त्याच जागी धरा. पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. आणि पालकाचा प्रयोग केलात तर त्याचाही पाठवा, पण खोलीत खरंच अंधार करा, नाहीतर म्हणाल काहीच दिसलं नाही.